काळी, पांढरी आणि घोड नदी : इनामगावच्या मातीतली छत्तीसशे वर्षं

माझ्या आजोळी गावाबाहेर ओढ्याच्या काठाला एक टेकाड होतं. फार उंच नाही, दोन पुरुषभर असेल. सगळे त्याला ‘पांढर’ म्हणायचे. उन्हाळ्यात मामा बैलगाडी घेऊन तिथं जायचा, राखेसारखी मऊ, भुरकट माती फावड्यानं भरायचा आणि कांद्याच्या वाफ्यांत पसरायचा. ‘पांढरीची माती पडली की खताची गोणी वाचली,’ असं तो म्हणे. त्या मातीत खापरं निघत, हाडकं निघत, कधी फुटकी शंखाची बांगडी निघे. आम्ही पोरं चपटी खापरं वेचायचो आणि लगोरी लावायचो.

पुष्कळ वर्षांनी शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननाबद्दल वाचलं, तेव्हा ती लगोरी आठवली आणि पोटात गलबललं. इनामगावची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं. राजे-रजवाडे, किल्ले, लढाया यांच्याही कितीतरी आधीच्या साध्या शेतकऱ्यांचं एक अख्खं गाव तिथं मातीखालून वर आलं.

आधी ‘पांढर’ या शब्दाकडे वळू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. जुन्या कागदपत्रांत हे शब्द जागोजाग भेटतात, आणि ‘पांढरी’ म्हणजे नुसती जागा नव्हे तर तिथं राहणारा गाव असाही अर्थ होतो. वस्तीची माती पांढरट का होते? मातीच्या भिंती पावसानं ढासळतात, माणूस त्याच जागी नवी भिंत घालतो. चुलीची राख रोज बाहेर पडते. शेण, भुसा, हाडं, फुटकी गाडगी, सारवणाचे पोपडे, सगळं तिथंच मुरतं. पिढ्यानुपिढ्या हे चाललं की जमीन वर चढत जाते आणि तिचा रंग बदलतो. राखेतून आणि हाडांतून उतरलेल्या स्फुरद-पालाशामुळे ती कसदारही होते. मामाचा कांदा फुगायचा तो यामुळे. म्हणून काळ्या शिवारात मधेच एखादा पांढरट उंचवटा दिसला, तर तिथं कधीतरी माणसं नांदली असं समजायला हरकत नाही. पुरातत्त्वाचे लोक खेडोपाडी फिरताना ‘तुमच्याकडे पांढरीचं टेकाड कुठं आहे?’ असं विचारतात, ते याच कारणानं.

इनामगाव पुण्याच्या पूर्वेला साधारण ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, घोड नदीच्या उजव्या काठाला आहे. शिरूर शहराला जुनी माणसं अजून ‘घोडनदी’च म्हणतात, तीच ही नदी. ती सह्याद्रीत उगम पावते आणि पुढे भीमेला मिळते. या भागाचा स्वभाव कळायला तिचा हा प्रवास ध्यानात घ्यावा लागतो. घाटमाथ्यावर कित्येक ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. ढग डोंगर ओलांडेपर्यंत रिते होतात आणि शिरूरकडे जेमतेम पाचशेच्या आसपास पडतो, तोही बेभरवशाचा. म्हणजे आभाळ कोरडं, पण नदी मात्र दूरच्या डोंगरातलं पाणी घेऊन दाराशी येते. त्यात जमीन काळी, खडकाची झीज होऊन झालेली. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते, पावसात त्या भेगांतून पाणी खोलवर पिते आणि पाऊस गेल्यावरही ओल धरून ठेवते. खरीप बुडाला तरी रब्बी हाताशी लागते ती या ओलीवर. छत्तीसशे वर्षांपूर्वी जी माणसं इथं थांबली त्यांनी हाच हिशोब केला असणार : पावसाचा भरवसा नाही, तर नदीकाठ धरा.

१९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं इथं टप्प्याटप्प्यानं उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. धवलीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली ठळक नावं, आणि त्यांचा सविस्तर अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. या कामाचं मोठेपण कशात आहे ते सांगतो. तोवर अशा टेकाडांत बहुतेक वेळा एखादा उभा खड्डा घेत. त्यातून कोणत्या काळावर कोणता काळ आला ते कळतं, पण गाव कसं होतं ते कळत नाही. विहिरीत डोकावून वाड्याचा चौक दिसेल का? इनामगावला त्यांनी आडवं खोदलं, मोठं क्षेत्र एकेक पापुद्रा काढत उघडं केलं. शंभराहून अधिक घरांच्या जमिनी आणि दोनशेहून अधिक दफनं हाती लागली. घर, अंगण, बोळ, चूल, शेजार असं सगळं एका पातळीवर दिसलं.

काळ कसा ठरवला, हा प्रश्न नेहमी येतो. पहिली गोष्ट थरांची. खालचा थर जुना, वरचा नवा. कणगीत भरलेल्या धान्यासारखं, आधी पडलेलं तळाला. दुसरी गोष्ट खापरांची. भांड्यांची माती, रंग, काठ, नक्षी काळाप्रमाणे बदलतात, त्यामुळे खापरावरून काळ ओळखता येतो. आणि तिसरी गोष्ट जळक्या लाकडाची. झाड किंवा धान्य जिवंत असेपर्यंत हवेतला थोडा किरणोत्सर्गी कार्बन शरीरात घेत असतं. ते मेलं की घेणं थांबतं आणि आत असलेला तो कार्बन ठरावीक गतीनं घटत जातो, सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा. कोळशात तो किती उरला हे मोजलं की झाड कधी मेलं याचा अंदाज बांधता येतो. खापरांचा अंदाज घडणी-नक्षीवर विसंबून, कोळशाचा उरलेल्या कार्बनवर. दोन्हींचा मेळ बसला की तारीख पक्की धरतात.

अशा रीतीनं इनामगावचे तीन काळ ठरले. पहिला इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते १४००, याला माळवा संस्कृतीचा काळ म्हणतात. दुसरा १४०० ते १०००, आद्य जोर्वे. तिसरा १००० ते ७००, उत्तर जोर्वे. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव. तिथं १९५०-५१ साली पहिल्यांदा अशी भांडी उत्खननात सापडली, म्हणून त्या गावाचं नाव साऱ्या काळाला मिळालं. चाकावर घडवलेली, खणखणीत भाजलेली, तांबूस रंगाची भांडी आणि त्यांवर काळ्या रंगाच्या रेघा, तिरप्या जाळ्या. तोटीचा चंबूही त्यांतच. तापी, गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या खोऱ्यांत अशी खापरं ठिकठिकाणी मिळतात.

आता घरात शिरू. सुरुवातीच्या काळातली घरं चौकोनी, ऐसपैस. भिंती कमी उंचीच्या, मातीच्या, वर कुडाच्या. म्हणजे काटक्यांचा ताटवा विणायचा आणि दोन्ही अंगांनी माती लिंपायची. छपराला गवत. आमच्याकडे गोठ्याला अजून कुड घालतात, त्यामुळे हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. जमीन ठोकून, सारवून घेतलेली. आत चूल. धान्यासाठी जमिनीत खणलेली पेवं, आणि कणगी ठेवायला मातीचे गोल ओटे. काही ठिकाणी जमिनीत चार चपटे दगड बसवलेले दिसले. त्यांवर चार पायांचे मोठे रांजण उभे राहत. हे रांजण लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

शिजत काय होतं? जळून कोळसा झालेला दाणा कुजत नाही, हजारो वर्षं टिकतो. म्हणून चुलीजवळची राख चाळली की जेवणाचं ताट हाती लागतं. मुख्य धान्य सातू. गहू होता, पण सातूच्या मानानं कमी. मसूर, वाटाणा, लाख, वाल आणि हुलगा ही कडधान्यं. बोरं, आवळे, जांभळं रानातून येत. गाईबैल, शेळ्यामेंढ्या दावणीला, आणि शिकारीत हरणं, काळवीट, ससा, नदीचे मासेही. मिरची नाही, शेंगदाणा नाही, मका नाही. ते सगळं पोर्तुगीज आल्यानंतरचं. या भागाचं आजचं अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी. तेव्हा मात्र तव्यावर बहुधा सातू असायचा. हुलगा तेवढा टिकून आहे. पुणे-नगर पट्ट्यात थंडीत हुलग्याच्या पिठाची लसणाच्या पाण्यातली शेंगोळी करतात. हुलगा या काठावर तीन हजार वर्षांहून अधिक काळ शिजतो आहे हे कळल्यापासून शेंगोळ्यांची वाटी हातात आली की मला आधी घोड नदी दिसते.

सातू आणि गहू ही पाऊस सरल्यावर पेरायची पिकं. त्यांना ओल हवी. ती कशी टिकवली, हा इनामगावचा मला सगळ्यात मोठा वाटणारा भाग. आद्य जोर्वे काळात गावकऱ्यांनी वस्तीच्या कडेला एक चर खणला : सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल. त्याच्या अंगानं बांध घातला, २४० मीटर लांब आणि २.२० मीटर रुंद. नदीला पूर आला की पाणी या चरात वळायचं. वस्ती वाचायची आणि पाणी शेताला धरायचं, असा त्याचा अर्थ उत्खनन करणाऱ्यांनी लावला. चराच्या बाजू सरळ धरल्या तर २,८०० घनमीटर माती होते. आपल्या भाषेत जवळजवळ हजार ब्रास. आज ब्रासचा भाव माहीत असलेल्या कुणालाही विचारा, हजार ब्रास माती उपसणं म्हणजे काय. जेसीबी नाही, लोखंडाची कुदळ नाही, तांबं होतं ते मोजकंच. पाती बहुतेक गारगोटीची. टोकदार काठ्या, पाट्या आणि माणसांचे खांदे. हे एका घराचं काम नव्हे. कुणीतरी गाव गोळा केलं असणार, पाळ्या लावल्या असणार, खणणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय केली असणार.

तो ‘कुणीतरी’ कोण, याची खूण गावाच्या रचनेतच आहे. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक मोठं घर सापडलं, शेजारी धान्याचं कोठार. बाकीची घरं बहुधा एका खोलीची. कुंभाराची भट्टी, चुनकळी भाजण्याची जागा, सोनाराचं काम चालायचं ते घर, असे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला. मधे कोठारवाला, कडेला कसबी लोक. हे चित्र पाहून आपल्याला लगेच पाटलाचा वाडा आणि बलुतेदारांच्या आळ्या आठवतात. मोह आवरायला हवा, असं माझं मत आहे. बलुतेदारी ही फार पुढची, कागदोपत्री हक्कांची रचना. तिची मुळं इथंच आहेत असं म्हणायला मधली दीड-दोन हजार वर्षं आड येतात. पण धान्य एका जागी साठत होतं आणि त्याच्या वाटपावर एका घराचा हात होता, एवढं मात्र सरळ दिसतं.

त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात रांजण निघाला, मघाशी सांगितला तसा चार पायांचा, पण कच्च्या मातीचा आणि पोट फुगीर. आत एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा होता, मांडी घालून बसवलेला. त्याचे पाय शाबूत होते.

पाय शाबूत, यात विशेष काय? तर बाकीच्यांचे नव्हते. इनामगावला प्रौढ माणसाला घराच्या जमिनीखालीच पुरत, उताणं, डोकं उत्तरेला, आणि पुरण्याआधी घोट्याखाली पाऊल तोडून टाकत. शेजारी अन्नपाण्याची भांडी ठेवत. मेलेलं माणूस भूत होऊन चालत जाऊ नये, घरातच राहावं, यासाठी असं करत असावेत, असा तर्क आहे. लहान मूल गेलं तर त्याला दोन मडक्यांत घालत, मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आणि तीही घरातच, जमिनीखाली. इनामगावच्या दफनांत लहान मुलांची संख्या फार मोठी आहे. रोज ज्या जागेवर पाय पडतो, जिथं जेवायला बसायचं, जिथं झोपायचं, त्याच्या हातभर खाली आपलं बाळ. स्मशान गावाबाहेर ठेवणाऱ्या आपल्याला हे विचित्र वाटेल. मला त्यात आधी माया दिसते. त्या आईला बाळ लांब पाठवायचं नव्हतं.

आणखी एक वस्तू सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका घराच्या जमिनीत मातीची लंबगोल डबी पुरलेली होती, झाकणासकट. आत एक बाईची मूर्ती, कच्च्या मातीची, डोकं नसलेली. सोबत मातीचा बैल. मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. बारीक काडी दोन्हींत बसवली की बाई बैलावर उभी राहते. भाजलेली नाही म्हणजे कायम ठेवायची नसावी. कामापुरती घडवायची, काम झालं की पुरायची. आपण पोळ्याला मातीचे बैल करतो, नागपंचमीला मातीचा नाग करतो. नातं सिद्ध करता येणार नाही, पण ओल्या मातीला बोटांनी आकार देताना त्या बाईच्या मनात काय असेल ते आपल्याला थोडंफार उमगतं.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमाराला चित्र पालटतं. चौकोनी ऐसपैस घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, तीन-चार एकत्र अशा. भांडी ओबडधोबड होतात. शेतीचं धान्य घटतं, शिकारीची आणि जनावरांची हाडं वाढतात. धवलीकरांनी याचा अर्थ असा लावला की हवामान कोरडं होत गेलं, पाऊस आटला, शेतकरी अर्धे मेंढपाळ झाले. पुढच्या काही अभ्यासकांना एकट्या पावसावर सगळं ढकलणं पटलेलं नाही. लहान मुलांच्या हाडांची वाढ तपासून त्यांनी उपासमारीचा माग काढला आणि जमिनीचा कस जाणं, तीच ती जमीन पुन्हा पुन्हा कसणं यांकडेही बोट दाखवलं. मला दुसरं म्हणणं अधिक गांभीर्यानं घ्यावंसं वाटतं. याच माणसांनी हजार ब्रास माती उपसून पुराला वळण दिलं होतं. अशी माणसं एक-दोन वाईट पावसाळ्यांनी मोडत नाहीत. मोडतात ती हळूहळू, जमीन थकत जाते तशी. इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास इनामगाव ओसाड पडलं. नऊशे वर्षांची वस्ती उठली.

मधला काळ झपाट्यानं ओलांडतो, कारण आजचं नाव फार नंतरचं आहे. त्या पहिल्या गावाला त्याची माणसं काय म्हणत, ते कुठल्याच थरात सापडणार नाही, लिपीच नव्हती. ‘इनाम’ हा अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला शब्द. सत्तेनं एखाद्याला सेवेबद्दल, देवस्थानाला किंवा वतनदाराला सारा माफ करून किंवा कमी करून दिलेली जमीन ती इनाम. महाराष्ट्रात ‘इनाम’ नावात असलेली गावं, मळे, शेतं पुष्कळ आहेत. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकापासून वेगवेगळ्या कायद्यांनी इनामं आणि वतनं रद्द झाली. हक्क गेला, नाव राहिलं.

आज घोड नदीवर चिंचणीला धरण आहे, तालुक्यात कालव्यावर आणि विहिरींवर ऊस उभा आहे. ज्या काठावर चार मीटर रुंद चर खणून रब्बीचा सातू वाचवला, तिथं आता बारमाही पाणी पिणारं पीक आहे. आणि उसासाठी जमीन सपाट करताना महाराष्ट्रभर पांढरीची टेकाडं नाहीशी होत आहेत. बैलगाडीनं शंभर वर्षांत जेवढं नेलं नसतं तेवढं यंत्र एका आठवड्यात नेतं. याचं मला फार वाईट वाटतं, आणि शेतकऱ्याला दोष देऊन ते कमी होत नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की ते काय आहे. तुमच्या शिवारात पांढर असेल तर एवढं करा : स्वतः खणू नका, खापरं वेचून घरी नेऊ नका, कुणी सपाट करायच्या आधी राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांना कळवा. वस्तू जागेवरून हलली की तिचा थर हरवतो, आणि थर हरवला की ती नुसती खापरी उरते. पाहायचं असेल तर पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे, तिथं इनामगावच्या वस्तू आहेत.

मागच्या उन्हाळ्यात आजोळी गेलो होतो. आमची पांढर आता निम्मीच उरली आहे. यंत्रानं कापलेली तिची कड मी मामाला दाखवली : तळाला काळी माती, तिच्यावर राखेचा करडा पट्टा, त्यावर ठोकलेल्या जमिनीची पिवळट रेघ, पुन्हा राख, पुन्हा जमीन. मी बोटानं मोजत गेलो आणि मामा नुसता बघत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे ह्या सगळ्या एकावर एक चुली हायेत?’ मी हो म्हणालो. खाली पडलेल्या ढिगातलं एक तांबूस खापर त्यानं उचललं, धोतराला पुसलं. काठाखाली दोन काळ्या रेघा होत्या, चाकावर भांडं फिरत असताना एका दमात ओढलेल्या. मामानं त्यांवरून अंगठा फिरवला आणि ते खापर होतं तिथं, त्याच ढिगाऱ्यावर, पालथं ठेवलं.